दगड हलवण्याआधी

भिवंडी तालुक्यात लोणाडजवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शिलालेख मिळाला. शके 1161 चा, म्हणजे जवळपास आठशे वर्षांपूर्वीचा. त्यात दानाची नोंद आहे आणि बापग्राम हे नाव आहे. तेच आजचे बापगाव. सात-बारा निघण्याच्या कितीतरी आधी या शिवारातल्या जमिनीची नोंद दगडावर झाली होती.

असा दगड वाचता येतो तो त्यावरच्या अक्षरांमुळे आणि तो उभा असलेल्या जागेमुळे. कोकणातल्या अनेक गधेगाळांवरची, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेल्या दानाच्या दगडांवरची, अक्षरे उन्हापावसाने झिजून गेली आहेत. वरचे चंद्र-सूर्य आणि खालचे गाढव व बाई तेवढी ओळखू येतात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे एकच उरले आहे: दान दिलेली जमीन ही, इथली. दगड तिथून हलला की तेही संपले.

आणि भिवंडीत आज सगळेच हलते आहे. माणकोलीपासून पडघ्यापर्यंत भातखाचरांवर भराव पडून गोदामे उभी राहिली. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये आमण्यापर्यंत आला. आमणे ते लोणाड हे अंतर काही फार नाही. बांध मोडताना दगड आडवा आला की जेसीबीवाला तो बाजूला सारतो. गावात कुणी जाणता असला तर दगड उचलून देवळापाशी नेतात, शेंदूर लावतात. यात कुणाची नियत वाईट नसते. पण तो कोणत्या गटातून आला, कोणत्या बांधावर होता, तोंड कुठे होते, हे कुणी लिहून ठेवत नाही. वर्षभराने विचारावे तर शेतही ओळखू येत नाही.

जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे 1878 चा कायदा सांगतो. कळवताना जागाही सांगावी लागते. इंग्रज सरकारला गुप्तधनाच्या बाबतीत जे सुचले, ते बांधावर उघड्यावर उभ्या असलेल्या दगडाच्या बाबतीत आजवर कुणाला का सुचू नये? इंग्लंडात 1990 पासून बांधकामाची परवानगी देतानाच जमिनीखाली काय असू शकते याचा विचार होतो. गरज पडली तर आधी चाचणीखोदकाम होते आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याकडून घेतला जातो. भिवंडीतल्या गोदामाच्या किमतीत असा खर्च कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मात्र इथे तसा कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. खाडीपलीकडे साष्टीत, म्हणजे मुंबईची उपनगरे ज्या बेटावर आहेत तिथे, मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग आणि साठये महाविद्यालय यांच्या पुढाकाराने विद्यार्थी आणि हौशी नागरिक पायी फिरले. पाडे, देवळांची आवारे, तळ्यांचे काठ पाहून त्यांनी जुन्या अवशेषांच्या नोंदी केल्या. भर मुंबईत जे जमले ते भिवंडीच्या गावांत जमायला अडचण कसली? इथल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक बांध तोंडपाठ आहे. कोणता दगड आधीपासून तिथे होता आणि कोणता नंतर आणून ठेवला, हे तेच सांगू शकतात, आणि तेही आणखी काही वर्षेच. ग्रामपंचायतीने तलाठ्याला आणि शाळेतल्या मास्तरांना बरोबर घेऊन शिवार एकदा पायाखाली घालावे. दगडाचा फोटो, गट नंबर, तोंडाची दिशा, सांगणाऱ्याचे नाव. एवढी वही पंचायतीच्या दप्तरात असावी, आणि भराव टाकणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी ती पाहिल्याची सही करावी.