घराचा दलाल आणि कांद्याचा अडत्या

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजार समितीत शेतकऱ्याने कांदा आणला, तर त्याचा मध्यस्थ कोण असावा, त्याने काय घ्यावे आणि काय करू नये, हे 1963 च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी ठरवून दिलेले आहे. अडत्याला परवाना लागतो, अडतीला कमाल मर्यादा असते, लिलाव चारचौघांत व्हावा लागतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत याच चळवळीने हाणून पाडली. 2016 साली तर फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय झाला. हे नियम मोडले जात नाहीत असे कोण म्हणेल? पण मोडण्यापुरते का होईना, ते आहेत. तोच शेतकरी बारामती शहरातले राहते घर विकायला निघाला, की मात्र तो रुमालाखालच्या युगात परत जातो. कांद्याच्या गोणीला जे संरक्षण आहे ते माणसाच्या घराला नाही.

यावर पांढरपेशा शहाणपणाचे उत्तर तयार असते. चांगला एजंट निवडावा. चार ओळखीच्यांना विचारावे, त्याचा अनुभव पाहावा, दलाली घासून घ्यावी. वाईट एजंटाला बाजार आपोआप शिक्षा करतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात हे वाक्य शोभते. वस्तुतः ज्या गिऱ्हाइकाशी रोज गाठ पडते त्याच्याच बाबतीत ते खरे ठरते. किराणा दुकानदाराने एकदा मापात मारले तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही. घर माणूस जन्मात एकदा घेतो, फार तर दोनदा. फसला तर पुढच्या वेळी दुसरा दलाल गाठण्याची संधी त्याला येतच नाही. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, अशा बाजाराचे काय होते हे ॲकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. पुढे 2001 साली त्यांना नोबेल मिळाले. जुन्या मोटारीपेक्षा जुन्या घराचे पोट अधिक खोल असते, इतकाच फरक.

दलाल प्रामाणिक आहे असे धरून चालले तरी प्रश्न संपत नाही. समजा, निवृत्त शिक्षकाचे घर चाळीस लाखांना विकायचे आहे. रिवाजाप्रमाणे दलाली दोन टक्के, आणि तीही दोन्ही बाजूंकडून. म्हणजे ऐंशी हजार इकडून व ऐंशी हजार तिकडून. दोन महिने थांबले तर एक लाख अधिक येतील अशी शक्यता आहे. शिक्षकाला तो लाख हवा असतो, कारण मुलीच्या शिक्षणाचे कर्ज त्यातून फिटणार असते. दलालाच्या पदरात त्या लाखातले त्या शिक्षकाकडून दोनच हजार पडतात. दोन हजारांसाठी तो दोन महिने का थांबेल? तो शिक्षकाला सांगतो, ‘पार्टी’ चांगली आहे, हातची जाऊ देऊ नका. हा लबाडीचा प्रश्न नसून मोबदल्याच्या रचनेचा आहे. लेव्हिट व सिव्हरसन यांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. त्यात एजंटांची स्वतःची घरे सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली आणि सुमारे 3.7 टक्के अधिक किमतीला गेली, असे आढळले. परवानाधारक, सुशिक्षित, संघटित एजंटांच्या देशातली ही स्थिती!

आणि जो दोन्ही बाजूंकडून घेतो तो कोणाचा माणूस? विकणाऱ्याला वाटते तो आपला, घेणाऱ्याला वाटते तो आपला. कोर्टात एकच वकील वादी-प्रतिवादी दोघांचेही वकीलपत्र घेऊन उभा राहिला, तर न्यायाधीश त्याला बाहेर काढील. घराच्या बाजारात तो प्रतिष्ठित गणला जातो. त्याहून घातक प्रकार म्हणजे ‘वरचे आपले’. मालकाला छत्तीस सांगायचे, घेणाऱ्याला चाळीस सांगायचे, दोघांची समोरासमोर गाठ शेवटच्या क्षणापर्यंत पडू द्यायची नाही, आणि मधले चार लाख रोखीने खिशात घालायचे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास 1 जून 2015 पासून आयकर कायद्याने बंदी केली. पण जी रक्कम दस्तात येतच नाही तिला कायदा कसा हुडकणार?

कायदा नाही, असे नव्हे. 1872 च्या करार कायद्यात एजंटाची कर्तव्ये स्पष्ट लिहिलेली आहेत. धन्याच्या नकळत एजंटाने त्या व्यवहारात स्वतःच्या खाती नफा केला तर तो मागण्याचा हक्क कलम 216 धन्याला देते. वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत मोबदला देणे लागत नाही, हे 219 सांगते. गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या कामाचा मोबदलाच मिळत नाही, हे 220. दीडशे वर्षे ही कलमे पुस्तकात आहेत. इंदापूरच्या एस.टी. स्थानकाबाहेर चहाच्या टेबलावर टोकन मोजून देणाऱ्याला ती कोणी वाचून दाखविली?

2016 च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘रेरा’चा, गाजावाजा मोठा झाला. त्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, हिशेबाच्या वह्या ठेवायला लावल्या, नियम मोडल्यास दररोज दहा हजार रुपये दंड ठेवला. महाराष्ट्रात 2023 साली प्रशिक्षण व परीक्षाही आली. हे स्वागतार्हच आहे. परंतु कलम 9 ची भाषा नीट वाचावी. नोंदणी लागते ती नोंदलेल्या प्रकल्पातले घर वा भूखंड विकणाऱ्या एजंटाला. जुने घर एकाने दुसऱ्याला विकले तर मधला दलाल या कायद्याच्या बाहेर. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील, अथवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला मुळात नोंदणीच लागत नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. पुण्या-मुंबईच्या मनोऱ्यांसाठी शिवलेला हा अंगरखा तालुक्याच्या गावाला कसा बसावा? बारामतीच्या गल्ल्यांतून उठणाऱ्या चार-सहा सदनिकांच्या इमारती त्याच्या बाहेर राहतात.

खरा बाजार तर गुंठ्यांचा आहे. बारामतीची औद्योगिक वसाहत, शिक्षणसंस्था आणि 2019 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी शहराभोवतीच्या शेताला निवासी भाव आणला. पाटसहून बारामती-इंदापूरकडे जाणाऱ्या पालखी महामार्गाने रस्त्याकडेच्या प्रत्येक बांधावर एजंट उभा केला. उजनीच्या पाण्याने ज्यांची गावे गिळली त्यांच्या शेजारचा काठ आज ‘फार्महाऊस’साठी दाखविला जातो. येथे एकरातले दोन-दोन गुंठे सामाईक नावाने विकले जातात. 1947 चा तुकडेबंदी कायदा अशा तुकड्याला हरकत घेतो हे एजंट जाणतो, घेणारा जाणत नाही. 2017 साली बाजारमूल्याच्या 25 टक्के भरून, 2024 साली 5 टक्के भरून असे व्यवहार नियमित करण्याची मुभा मिळाली आणि 2025 साली शहरी व नियोजित क्षेत्रांपुरती तीही रक्कम माफ झाली. गरिबाला मिळालेली सवलत योग्यच. पण ‘आज ना उद्या नियमित होईल’ हे एजंटाचे आवडते वाक्य तिने सरकारी खर्चाने खरे करून दाखविले. कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बजावले, तरी ते पत्र आजही खरेदीखताच्या रुबाबात हाती ठेवले जाते.

दलाल हा जन्मजात खलनायक आहे, असे मात्र कार्यकर्त्यांनी समजू नये. त्यातले पुष्कळ दोन एकरांचे वारस असतात. शेती पुरत नाही, कारखान्यात कायम नोकरी नाही, म्हणून मोटारसायकल घेऊन दुसऱ्याची जमीन दाखवीत फिरतात. तो विकतो काय? माहिती. कोणाच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, कोणत्या बहिणीची सही राहिली आहे, कोणती जमीन भोगवटादार वर्ग 2 आहे. ही माहिती मुळात सार्वजनिक. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. एक टक्का नोंदणी फीवर शासनाने तीस हजारांची मर्यादा घातली आहे. मालकीची नोंद करणाऱ्या शासनाने फीला मर्यादा घालून घ्यावी, आणि ती नोंद नुसती वाचून दाखविणाऱ्याच्या दलालीला कसलीच मर्यादा नसावी, हा उलटा न्याय आहे.

याच भूमीला याचा इतिहास आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीनमोजणी व सारा-आकारणी 1836 साली इंदापूर तालुक्यात प्रथम लागू झाली. मुंबई इलाख्याच्या जमीन-दप्तराचा पाया तेथे घातला गेला. आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त हिसकावून जाळले, कारण त्यात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नव्हते. परक्या सरकारलाही त्यातून धडा घ्यावा लागला: 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गाव-निबंधकासमोर लिहिला जाणे आवश्यक केले. लोकशाही सरकारने त्याहून कमी का करावे? तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात घर विकू इच्छिणाऱ्यांची उघड नोंदवही, जुन्या घरांच्या मध्यस्थालाही परवाना, दलालीला रुपयांत कमाल मर्यादा आणि एका व्यवहारात एकाच पक्षाकडून मोबदला, या मागण्या बाजार समितीत मान्य झालेल्या तत्त्वांपलीकडच्या नाहीत.

ते होईपर्यंत ज्याला एजंट गाठावाच लागतो त्याने अनुभवापेक्षा अटी पाहाव्यात. कोणाच्या वतीने काम करणार आणि किती ठरीव रक्कम घेणार, हे जो कागदावर लिहून देत नाही, जो दुसऱ्या पक्षाला पहिल्या आठवड्यात समोर आणीत नाही, विसाराचे पैसे मालकाच्या बँक खात्याऐवजी स्वतःच्या हातात मागतो, किंवा खरेदीखत नोंदण्याआधी दलालीसाठी अडून बसतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. वकिलाचा तीस वर्षांचा शोध-अहवाल एजंटाने सुचविलेल्या वकिलाकडून घेऊ नये. तालुक्यातल्या पक्षशाखांनी आठवड्यातील एक संध्याकाळ सातबारा, फेरफार आणि इतर हक्काचा रकाना वाचून देण्यासाठी राखून ठेवावी. त्याला एक टेबल, एक निवृत्त तलाठी आणि पंधरा रुपयांचा उतारा पुरतो.