सहा महिन्यांचे परदेश, वर्षभराची तयारी



गणेशोत्सवात मंडपात बसलो असताना एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या पालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. ‘मुलीला कॉलेजकडून एक सेमिस्टर परदेशात जायची संधी आहे. पाठवावे का, आणि खर्च किती येईल?’ बँकेत उभी हयात गेल्यामुळे पैशाचा प्रश्न आमच्याकडे येतो, हे खरे. पण विचार करताना लक्षात आले की या प्रश्नात रकमेपेक्षा तारखा महत्त्वाच्या आहेत. म्हणून हा लेख.

हा प्रश्न आत्ताच का येऊ लागला, ते आधी पाहू. अलीकडच्या वर्षांत पूर्ण पदवीसाठी बाहेर जाण्याच्या वाटा अरुंद झाल्या. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि खात्यात दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर केली. सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ झाली. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी जून २०२४ पर्यंत ७१० डॉलर होती, ती जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर झाली. अमेरिकेने मे २०२५ च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. त्यात एक-दोन सेमिस्टरसाठी जाणारी मुलेही अडकली.

दुसरीकडे आपल्या देशात २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे क्रेडिटचा हिशेब सुरू झाला. २०२१ मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आणि कॉलेजे परदेशी विद्यापीठांशी करार करू लागली. पदवी इथलीच, एक सेमिस्टर तिकडे. पालकांना हे स्वस्त आणि सुरक्षित वाटते. ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. चूक होते ती याला ‘लहान काम’ समजण्यात. मुक्काम सहा महिन्यांचा असला तरी पासपोर्ट, व्हिसा, विमा, घर, बँक हे सगळे दोन वर्षांसाठी जाणाऱ्यासारखेच करावे लागते. आणि चूक झाली तर सुधारायला वेळच नसतो.

जर्मनीचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा ओढा तिकडे आहे. अशा करारात शिकवणीची फी बहुधा इथल्याच कॉलेजात भरायची असते. तिकडे राहण्याचा खर्च झेपेल हे मात्र आधी सिद्ध करावे लागते. त्यासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाचे खाते असते. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा दर महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले. हिशेबाच्या सोयीसाठी युरोला १०० रुपये धरले, तर सुमारे सहा लाख. मुक्काम ९० दिवसांहून अधिक असल्याने पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी ७५ युरो.

खरी गोम पुढे आहे. हे सहा लाख तुमचेच असतात, पण पोहोचल्या दिवशी हातात नसतात. मुलाने तिकडे पत्ता नोंदवायचा, स्थानिक खाते उघडायचे, मग दरमहा ठरलेला हप्ता सुटतो. तेवढ्यात पहिल्या महिन्याचे भाडे, घराची अनामत (कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते), सेमिस्टरचे शुल्क आणि आरोग्यविमा एकदम समोर येतात. म्हणून ब्लॉक्ड खात्याव्यतिरिक्त दोन-अडीच हजार युरोची तरतूद वेगळी ठेवावी. ज्या घरांनी ती ठेवली नाही, त्यांनी दसऱ्याच्या सुमारास ठेवी मुदतीआधी मोडल्या आणि व्याजावर पाणी सोडले. प्रवासाची तारीख आधी ठरवून ठेवीची मुदत तिच्या अलीकडे येईल अशी ठेवली असती, तर हे टळले असते. तहान लागल्यावर विहीर खोदू नये, ही म्हण आम्ही काउंटरवर बसून रोज अनुभवली आहे.

पैसे पाठवण्याविषयी दोन गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, ती मर्यादा आपल्याला पुष्कळ आहे. लक्ष ठेवायचे ते टीसीएसवर. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आधी ही सीमा सात लाख होती. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर २०२५-२६ या आर्थिक वर्षात शिक्षणासाठी ५ टक्के, आणि शिक्षण किंवा औषधोपचार सोडून इतर कारणांसाठी २० टक्के दर होता. म्हणून बँकेच्या अर्जावर कारण ‘शिक्षण’ असेच लिहिले आहे ना, हे सही करण्याआधी वाचावे. ही सीमा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजली जाते, आणि त्याच वर्षी घरात कोणी परदेशी सहल केली असेल तर त्या पॅनवरून त्यासाठी पाठवलेली रक्कमही तीत धरली जाते. कापलेला टीसीएस बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो.

आता ज्या बाबीत सर्वांत मोठे नुकसान होते तिच्याकडे येऊ. ती म्हणजे क्रेडिट.

आमच्या पुतण्याची मुलगी २०२३ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीला गेली. निवडलेल्या विषयांपैकी दोन त्या सेमिस्टरला शिकवलेच जाणार नव्हते, हे तिथे गेल्यावर कळले. तिने दुसरे दोन घेतले, इथल्या कॉलेजात फोन केला, ‘हरकत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले. परत आल्यावर मात्र तेच दोन विषय अमान्य झाले. कागदावर काही नव्हते. शेवटच्या वर्षाला ते दोन्ही पेपर तिने पुन्हा दिले आणि कॅम्पसमध्ये आलेल्या पहिल्या दोन कंपन्यांना ती बसू शकली नाही. दोष कॉलेजचा होता तितकाच आमचाही. आयुष्यभर ‘लेखी घ्या’ सांगणाऱ्या माणसाने घरातच ते विचारले नव्हते.

तेव्हा ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ हा कागद व्हिसाइतकाच महत्त्वाचा माना. त्यावर विद्यार्थी, इथले कॉलेज आणि तिकडचे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या हव्यात. विषय बदलला की नव्या सह्या. युरोपात एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट असतात, आपल्याकडे साधारण २० ते २२. तिकडचे किती क्रेडिट म्हणजे इथले किती, आणि तिकडचे गुण इथल्या श्रेणीत कसे बदलणार, हेही त्यातच किंवा सोबतच्या पत्रात नमूद करून घ्यावे.

दुसरा पेच दिनदर्शिकेचा. जर्मनीतील हिवाळी वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतर. आपले पुढचे सेमिस्टर तर डिसेंबर-जानेवारीत सुरू झालेले असते. म्हणजे परतल्यावर दीड-दोन महिन्यांची हजेरी बुडालेली. ती माफ होईल का, अंतर्गत परीक्षांचे काय, हे निघण्यापूर्वी विचारावे. सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी अशी सेमिस्टर असणारी विद्यापीठे या दृष्टीने आपल्याला सोयीची पडतात. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास साध्या अभ्यागत व्हिसावरही करता येतो.

काही गोष्टी खास आपल्या घरांसाठी. गुणपत्रिकेवर आपले नाव आडनाव, नाव, वडिलांचे नाव या क्रमाने असते. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि कधी वडिलांचे नाव गाळलेले. तिकीट, विमा, ब्लॉक्ड खाते या सर्वांवर पासपोर्टप्रमाणेच नाव हवे. दुरुस्तीला महिने लागू शकतात, म्हणून वर्षभर आधी सगळे कागद एका टेबलावर मांडून ताडून पाहा. इथल्या बँकेचा ओटीपी इथल्याच मोबाइल नंबरवर येतो, तेव्हा तो नंबर रोमिंगवर चालू ठेवा. नेहमीचे औषध असेल तर डॉक्टरांकडून मूळ औषधाच्या नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्या.

आणि आजीच्या डब्याबद्दल. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या विमानतळावर जप्त होतील. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी या बंदीत येत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरण-भात-भाजी करता येणे. डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकाने बंद असतात. अशा वेळी स्वतःच्या हातचा गरम भात मोठा आधार असतो, असे पुतण्याच्या मुलीनेच आम्हाला सांगितले.

आपण बडोदेकर आहोत. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन डॉ. आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या शिष्यवृत्तीला तीन वर्षांची मुदत होती आणि ती संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले, हे कमी वेळा सांगतो. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही मुदत चुकली नाही. आपली मुले तर सहाच महिन्यांसाठी जाणार.

तेव्हा त्या तीन पालकांना आमचे उत्तर असे. जरूर पाठवा. पुढच्या ऑक्टोबरात जायचे असेल तर कागद आणि विषयांची जुळणी या दिवाळीपासून सुरू करा, आणि उन्हाळ्यात प्रवेशपत्र हाती येताच व्हिसाची वेळ घ्या. ज्या सभासदांची मुले जाऊन आली आहेत त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. नव्याने जाणाऱ्या घरांशी त्यांची गाठ घालून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही वाचनालयात असतो. कागद घेऊन या, बसून पाहू.