शब्दकौतुक : ‘नापू’

इ. स. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढणाऱ्या इंग्रज शिपायांच्या कानीं तेथील दुकानदारांचें एक वाक्य वारंवार पडे : ‘इल नी आँ ना प्ल्यू’, म्हणजे ‘तें आतां उरलें नाहीं.’ शिपायांनीं त्याचें ‘नापू’ केलें. अंडीं संपलीं कीं नापू. पुढें सोबती पडला कीं तोही नापू!

अशा अपभ्रष्ट शब्दांस आम्ही जन्मभर नाक मुरडीत आलों. परंतु ‘मेला’ हा शुद्ध शब्द जिभेवर येईना, तेव्हां हाच मोडका शब्द त्यांच्या उपयोगीं पडला. बांगडी फुटली असतां आपल्या घरांतही ‘वाढवली’ म्हणतात. तें काय भाषेच्या अज्ञानानें? आतां अपभ्रंश खोडण्यापूर्वीं आम्ही लेखणी क्षणभर थांबवितों.