'सावकारी पाश'ची हानी

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मराठी कलाजीवनाचा विषय निघाला की बालगंधर्वांचे गायन, रविकिरण मंडळाची कविता आणि फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्या यांचे स्मरण आपण अगत्याने करतो. परंतु कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 1925 साली निर्माण केलेल्या 'सावकारी पाश' या मूकपटाला त्या मालिकेत स्थान देण्याचे आपल्याला सुचत नाही, ही मी आपल्या रसिकतेतील गंभीर उणीव मानतो.

पडद्यावर पुराणपुरुषांचे आणि ऐतिहासिक वीरांचे राज्य असताना, नारायण हरी आपटे यांच्या कथेच्या आधाराने, बनावट दस्तऐवजाच्या बळावर सावकाराने जमीन गिळंकृत केलेला आणि अखेर पोटासाठी शहरात गिरणीचा मजूर झालेला शेतकरी नायक म्हणून उभा करणे, हे साहस द्रव्याचे होते त्याहून अधिक दृष्टीचे होते. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील रयतेने सावकारांचे कर्जरोखे आणि खतपत्रे जाळली होती; शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी केलेल्या 1879 च्या कायद्यानंतरही ते दुःख सरले नव्हते, आणि अर्ध्या शतकाने त्याला प्रथमच पडद्यावर मुख मिळाले. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून ज्यांची नजर घडली, आणि सहकारी आनंदराव अकाली निवर्तल्यावरही ज्यांनी स्वतः कॅमेरा बनविण्याचा ध्यास सोडला नाही, त्या बाबूरावांनी छायाप्रकाशाच्या योजनेतून साकारलेली अंधारी झोपडी आणि भेसूर रडणारे कुत्रे पाहणाऱ्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले.

आज त्या मूकपटाची एकही प्रत ज्ञात नाही. 1936 साली बाबूरावांनी तीच कथा बोलपटात पुन्हा आणली खरी, पण मूळ कृतीची हानी त्याने भरून येत नाही. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते, हे कारण सांगून आपण सुटू शकत नाही. बोलपट येताच मूकपटांना बाजारभाव उरला नाही आणि कित्येक फिती त्यांतील चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. वतनांच्या आणि इनामांच्या सनदा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, मात्र चित्रपटाला जिंदगीचा ऐवज मानले नाही.

कोल्हापूर, सांगली, पुणे येथील ज्या घरांच्या माळ्यांवर जुन्या फिती, जाहिराती वा छायाचित्रे पडून असतील, त्या कुटुंबांनी ती रद्दीत न घालता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्वरेने सुपूर्द करावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.