जात्यापाशी

राजगडाच्या पाली दरवाजाने चढणारी मंडळी पालीत आली की वर गडाकडेच बघतात. या आठवड्यात मी एका अंगणातल्या जात्यापाशी रेंगाळलो. गोष्ट सांगायला कागदच लागतो असं नाही. अलास्कातल्या युपिक मुली वॉलरसच्या सुळ्याच्या सुरीने ओल्या चिखलात चित्र काढत गोष्ट सांगायच्या, पुसायच्या, पुढचं काढायच्या. तसंच आपल्या बायकांनी जात्यावर दळता दळता माहेर, सवत, सीता, विठोबा, सारं गायलं. नवऱ्याची तक्रारही जात्यालाच! हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढं काम! गडाच्या बखरींइतकाच मान या ओव्यांना हवा, आणि इथल्या शाळांत त्या शिकवायला गावातली आजीच बोलवावी, मानधन देऊन. ओव्यांच्या ध्वनिफिती नंतर ऐकता येतील.