गुंगीतील श्वासावर लक्ष कुणाचे?

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील विख्यात विनोदी अभिनेत्री जोन रिव्हर्स न्यूयॉर्कमधील एका बाह्यरुग्ण केंद्रात घसा आणि जठराच्या एंडोस्कोपीसाठी गेल्या. चालत आलेला रुग्ण त्याच दिवशी घरी परततो, अशी ही नेहमीची तपासणी. परंतु गुंगीत असतानाच त्यांच्या शरीराचा प्राणवायू घटला, हृदय थांबले आणि मेंदूला इजा झाली. ४ सप्टेंबर रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रुग्णाची ढासळती प्रकृती वेळीच ओळखली गेली नाही, असा ठपका सरकारी चौकशीने त्या केंद्रावर ठेवला.

या घटनेकडे एका प्रसिद्ध व्यक्तीचे दुर्दैव म्हणून पाहणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती आपल्याही शहरांत रोज होणाऱ्या तपासणीतील कच्चा दुवा दाखवते. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास यंत्राच्या ताब्यात असतो. गुंगीतील रुग्ण मात्र स्वतःच श्वास घेत असतो. एंडोस्कोपीत बहुधा वापरले जाणारे प्रोपोफॉल झटपट काम करते आणि लवकर उतरतेही. मात्र मात्रा थोडी वाढली तरी गुंगीचे रूपांतर पूर्ण भुलीत होऊ शकते आणि त्यावर उतारा देणारे औषध उपलब्ध नाही. खोली अंधारलेली, दुर्बीण तोंडात आणि डॉक्टरांची नजर पडद्यावर. अशा वेळी मंदावणारा श्वास सहज नजरेआड होतो.

बोटाला ऑक्सिमीटर असतो ना, असे यावर कुणी म्हणेल. करोनाच्या साथीने हे यंत्र घराघरांत पोहोचवले आणि ‘अठ्ठ्याण्णव’ हा आकडा दिलाशाचा ठरला. परंतु हे यंत्र रक्तातील प्राणवायू मोजते, श्वास नव्हे. नाकावाटे जादा प्राणवायू दिलेल्या रुग्णाचा श्वास थांबला तरी साठा पुरेपर्यंत तो आकडा उतरत नाही. धोक्याची सूचना मिळेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. कॅप्नोग्राफी हे तंत्र उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते आणि प्रत्येक श्वासाची लहर पडद्यावर उमटवते. श्वास थांबला की काही सेकंदांत लहर सपाट होते. म्हणूनच अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ पासून मध्यम व खोल गुंगीतही या मोजमापाचा आपल्या मानकांत समावेश केला.

अर्थात हे यंत्र म्हणजे जादूची कांडी नव्हे. रुग्ण तोंडाने श्वास घेत असेल तर लहर फसवी दिसू शकते. हलक्या गुंगीत त्याचा लाभ कितपत, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. खर्चाचा प्रश्नही लहान दवाखान्यांसाठी खराच आहे. पण यंत्राआधी गरज आहे ती माणसाची. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या आपल्याकडील ‘एनएबीएच’च्या निकषांनुसार गुंगी देणारी व तिच्यावर देखरेख ठेवणारी व्यक्ती तपासणी करणाऱ्यापेक्षा वेगळी असली पाहिजे, श्वसनाच्या गतीचीही नोंद व्हायला हवी. मात्र हे मानांकन ऐच्छिक असल्याने त्याच्या कक्षेबाहेरील दवाखान्यांत हा नियम पाळला जातो की नाही, हे तपासणार कोण?

नियमन होईल तेव्हा होईल. तोवर रुग्णाने संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी दोन साधे प्रश्न विचारावेत : गुंगी कोण देणार? आणि तपासणी संपेपर्यंत माझ्या श्वासाकडे, अन्य कोणतेही काम हाती न घेता, कोण पाहत राहणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. गुंगीत गेल्यानंतर रुग्णाला काहीच विचारता येत नाही, म्हणून ते आधी विचारायचे.