माजी सैनिक आणि बाहेरचा डॉक्टर

2014 मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात त्यांच्या प्रतीक्षायाद्या दडवल्याचं उघड झालं. अमेरिकेत संताप उसळला, तो रास्तच होता. उपाय मात्र खासगीकडे झुकला.

2018 च्या ‘मिशन’ कायद्यानंतर सरकारी दवाखाना गाडीने अर्ध्या तासाहून लांब असेल, तर खासगी डॉक्टर गाठता येतो. बिल सरकार भरतं. खेड्यातल्या म्हाताऱ्याची सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण व्हिएतनाम युद्धात ‘एजंट ऑरेंज’ हे विषारी तणनाशक अंगावर घेतलेल्याला मधुमेह झाला, तर त्याचं मूळ युद्धात असू शकतं, हे बाहेरच्या डॉक्टरला सुचेलच असं नाही. शिवाय सरकारी दवाखान्यात शेजारच्या खुर्चीतला माणूसही फौजेतलाच असतो. गप्पा आपसूक निघतात.

बाहेरची बिलं फुगली, की सरकारी रुग्णालयांचा निधीतला वाटा आक्रसणार. मग डॉक्टर कमी, रांग लांब आणि पुन्हा तीच मागणी: पाठवा खासगीत!